गोपाळरावांचा पहिला नंबर

गोपाळरावांना साखर निघाली तेव्हा पहिल्या दिवशी ते चिडले, दुसऱ्या दिवशी गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी अभ्यासाला लागले. नागपूरच्या सदरमधल्या एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. खात्याची परीक्षा लागली की टेबल आवरायचं, पेन्सिलीला टोक काढायचं आणि बसायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी मीटर आणलं, पट्ट्या आणल्या, डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद लाल पेनाने खुणा करत दोनदा वाचला. त्या कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. साखर फार खाली गेली तर काय करायचं, ते तिथे लिहिलं होतं. पण मागची बाजू त्यांनी उलटली नाही. साखर कमी करायची आहे हे एकदा कळल्यावर, ती कमी झाली तर काय करायचं हा प्रश्नच त्यांना पडला नाही. आनंद करायचा, आणखी काय.

त्यांची सून नूपुर, तिलाही तो कागद उलटायला सवड झाली नव्हती. सासूबाई, सिंधूताई, लेकीच्या बाळंतपणाला रायपूरला गेल्या होत्या. नवरा उन्मेष सकाळी साडेसातला बुटीबोरीच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला परतायचा. उरलं कोण, तर चार वर्षांची खुशी, सदुसष्ट वर्षांचे गोपाळराव आणि या दोघांच्या मधल्या वयाची, दोघांच्याही मागे पळणारी नूपुर. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम ती घरी बसून करायची. खुशी बालवाडीत असायची तेवढेच तीन तास तिचे स्वतःचे. ते तीन तास तिला मिळायचे ते सासऱ्यांमुळे. खुशीला बारा वाजता स्कूटरवरून आणायचं काम त्यांचं होतं. त्यासाठी ते रोज इस्त्रीचा शर्ट घालत, पाच मिनिटांच्या रस्त्याला पंधरा मिनिटं आधी निघत आणि फाटकाशी सगळ्यांच्या पुढे उभे राहत. निवृत्तीनंतर त्यांना वेळ पाळायला लावणारं एवढं एकच काम उरलं होतं, आणि त्याची पगारी नोकरीपेक्षा त्यांना जास्त काळजी होती.

मार्चमधल्या एका मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, गोपाळराव पंख्यावर रागावले. पंखा मुद्दाम आवाज करून राहिला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी तो बंद केला. मग उकडायला लागलं म्हणून ते उन्हावर रागावले. मग पेपरचं दुसरं पान कोणी नेलं यावर बोलले, ते पान त्यांच्याच मांडीवर होतं. मग खुर्चीत मागे टेकून, खालचा ओठ पुढे काढून गप्प बसले.

नूपुरने टाइप करता करता मान वर केली आणि तो ओठ बघून तिची बोटं थांबली. हा ओठ ती दिवसातून दोनदा तरी बघत होती. फक्त तो सासऱ्यांचा नव्हता, खुशीचा होता. पोटात कावळे ओरडत असताना मला भूक नाही, मला भूक नाही म्हणत घर डोक्यावर घेतलं की शेवटी खुशी हाच ओठ काढायची.

तिने केळं आणलं. गोपाळराव म्हणाले, मला काही झालेलं नाही, काहून मागे लागली. नूपुरने वाद घातला नाही. या वयाच्या मुलांशी वाद घालून उपयोग नसतो. तिने केळं सोललं, एक घास स्वतः खाल्ला, फार गोड निघालं म्हणाली, उरलेलं ताटलीत ठेवून ती ताटली स्टुलावर ठेवली आणि पुन्हा संगणकात डोकं घातलं. दोन मिनिटांनी बघितलं तर ताटलीत नुसतं साल.

मग तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. घाम होता. नागपुरात मार्चमध्ये कोणाला घाम आला तर त्याचा काही अर्थ काढता येत नाही, पण हा घाम गार होता. तिने मीटर आणून बोट पुढे करायला सांगितलं. केळं पोटात जाऊनही आकडा आला अठ्ठावन्न.

गोपाळरावांचा चेहरा उजळला. बोर्डात आल्यासारखे ते म्हणाले, "अठ्ठावन्न. आतापर्यंत बासष्टच्या खाली गेलो नव्हतो. चंपतराव तर पंच्याऐंशीच्या पुढे, म्हणजे खाली, येतच नाही."

नूपुरने विचारलं की चंपतरावांचा यात काय संबंध, आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांत सहा जण साखरवाले होते. फिरून झालं की सगळे एका बाकावर बसत. त्या बाकाची पाठ दोन्ही टोकांना मोडलेली, फक्त मधल्या जागेला टेकता येई आणि सावलीही तिथेच. ती जागा कोणाची यावरून रोज कुरबुर व्हायची. शेवटी संत्र्याचे व्यापारी चंपतराव यांनी तोड काढली. प्रत्येकाने घरून निघताना साखर तपासायची, बाकावर आकडा सांगायचा, आणि ज्याचा सगळ्यांत कमी त्याने मधे बसायचं. गोपाळराव या खेळात सगळ्यांत नवे. पण गेले बारा दिवस मधली जागा त्यांची होती.

ती त्यांनी कशी मिळवली, हे विचारल्यावर ते जरा चाचरले. रात्री जेवायचं नाही, एवढंच. पोट भरलं म्हणून ते जी पोळी परत करत होते ती यासाठी. सकाळीही मूठभर मोडाचे मूग. गोळी मात्र एकही चुकवली नव्हती. परीक्षेत कॉपी केली नाही असं जितक्या अभिमानाने सांगावं तितक्याच अभिमानाने त्यांनी हे सांगितलं.

नूपुरला आधी हसू आलं. मग तिने तो कागद उलटला आणि मागची बाजू वाचली. हात कापणं, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणं. तिचं हसू गेलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोघांनाही झापलं. सत्तरच्या खाली म्हणजे पहिला नंबर नव्हे, नापास, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रात्रीचं जेवण सुरू करा, खिशात गोड काहीतरी ठेवा, शनिवारी दाखवायला या, गोळीचं बघू. गोपाळरावांनी वरून आलेलं परिपत्रक ऐकावं तसं ते सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मान हलवली.

नूपुरने त्यांच्या शर्टाच्या खिशात संत्र्याच्या सहा गोळ्या घातल्या. आणि एक नियम केला. खुशीला आणायला निघायच्या आधी साखर तपासायची. शंभराच्या खाली असेल तर त्यांनी खायचं आणि घरी थांबायचं, ती स्वतः जाईल. गोपाळराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, उन्मेषला सांगणार का. नूपुरला प्रश्नामागचा प्रश्न कळला. उन्मेष वाईट नव्हता, पण त्याचा सगळा हिशोब सरळ असायचा. बाबांना चक्कर येते, बाबा स्कूटरवर पोरीला पुढे उभं करतात, म्हणजे उद्यापासून शाळेची व्हॅन. व्हॅन लागली की बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाचं काम संपलं. आत्ता नाही सांगत, ती म्हणाली. हे म्हणताना तिला आपण बरोबर करतोय की चूक, ते कळलं नाही, आणि रात्री खुशीला झोपवतानाही कळलं नाही.

बुधवारी बैठकीतून आवाज आला, एकशे दहा. गुरुवारी, एकशे चौदा. शुक्रवारी नूपुर फोन कानाला लावून पुस्तकांच्या कंपनीतल्या बाईंशी बोलत होती तेव्हा दारातून आवाज आला, एकशे बारा, निघतो. तिने हात हलवला.

बारा वीस झाले तरी स्कूटरचा आवाज नाही. तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग ती बाईंना मधेच तोडून पायात सापडली ती चप्पल घालून निघाली. एक चप्पल तिची होती, एक उन्मेषची, हे तिला दुसऱ्या वळणावर कळलं. आणि त्याच वळणावर, कडुनिंबाखाली, स्कूटर दिसली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. शेजारी फुटपाथच्या कठड्यावर गोपाळराव बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. आणि त्यांच्यासमोर पाठीवर दप्तर घेऊन खुशी, कमरेवर हात ठेवून.

त्या दिवशी बालवाडीत रजत नावाच्या मुलाचा वाढदिवस होता आणि प्रत्येकाला दोन टॉफ्या मिळाल्या होत्या. एक खुशीच्या तोंडात होती. दुसरी मुठीत. गोपाळराव कापरा हात पुढे करून तीच मागत होते आणि खुशी सौदा करत होती.

"घरी जाईपर्यंत हॉर्न मी वाजवणार."

"वाजव."

"सगळ्या वळणांवर."

"सगळ्या."

खुशीने मूठ उघडली, टॉफी बघितली, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तोंडातली अर्धी चोखलेली काढून ती आजोबांच्या तोंडात घातली. नवी आपल्याकडे ठेवली. आईला बघून ती म्हणाली, "आजोबा ना, भुकेले झाले. बोलूनच नाही राहिले नीट."

कोपऱ्यावर रसवंती होती. नूपुरने धावत जाऊन उसाचा रस आणला, बर्फाशिवाय, आणि ग्लास त्यांच्या ओठाला लावून धरला, कारण त्यांच्या हातात धरवत नव्हता. अर्धा रस मिशीवरून शर्टावर गेला. उरलेला पोटात गेला. मग ती त्यांच्या शेजारी कठड्यावर बसली. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, पंधरा मिनिटं थांबा. पंधरा मिनिटं इतकी लांब असतात हे तिला खुशीच्या वेळी कळा सुरू होत्या तेव्हा एकदा कळलं होतं, त्यानंतर आत्ता. खुशीने मधल्या वेळात स्वतःलाही रस मागून घेतला आणि रसवाल्याला चरकाचे घुंगरू वाजवून दाखव म्हणून सांगितलं.

हळूहळू गोपाळरावांचा रंग परत आला. रुमालाने मिशी पुसत ते म्हणाले, "मी थांबवली गाडी. हात कापायला लागले तशी बाजूला घेतली. पडू नाही दिलं तिला."

"नंबर किती होता, बाबा?"

ते रुमालाची घडी घालत राहिले.

"तुम्ही मला एकशे बारा सांगितला."

"सहासष्ट."

"आणि गोळ्या? सहा गोळ्या होत्या खिशात."

त्या त्यांनी बुधवारीच बागेतल्या पोरांना वाटून टाकल्या होत्या. बाकावर बसताना खिशातून गोळ्यांचा कागद वाजला असता, आणि साखरवाल्याच्या खिशात गोळी सापडणं म्हणजे परीक्षेला बसलेल्याच्या बाहीत चिठ्ठी सापडणं. हे त्यांनी इतकं खाली मान घालून सांगितलं की नूपुरला रागावायला बळ लागलं. पण ती रागावली होती. लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांवर ती पहिल्यांदाच रागावली होती, आणि तिचा आवाज चढायच्याऐवजी खालीच जात होता.

"काहून खोटं बोललात?"

गोपाळरावांनी खुशीकडे बघितलं. ती घुंगरांच्या तालावर एका पायावर उड्या मारत होती.

"व्हॅन लागली असती," ते म्हणाले.

नूपुरने हात पुढे केला. त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. हॉर्नचा करार झाला होता तो मात्र मोडता येईना, म्हणून घरापर्यंत प्रत्येक वळणावर हॉर्न वाजला. नूपुर चालवत होती, खुशी वाजवत होती, आणि गोपाळराव मागे बसले होते. स्वतःच्या स्कूटरवर मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने उन्मेषला सगळं सांगितलं, आधीचं लपवलेलंही. तो तिच्यावर चिडला ते बरोबरच होतं. व्हॅनवाल्याचा नंबर त्याने तिथल्या तिथे काढला. नूपुरने त्याच्याकडे पंधरा दिवस मागितले. ती म्हणाली, पंधरा दिवस मी आणीन, बाबा मागे बसतील, त्यानंतर तू म्हणशील ते.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्ध्यावर आणली. ही अर्धी गोळी गोपाळरावांना पदावनती वाटली. आणि रविवारी सकाळी, खुशीला कडेवर घेऊन, नूपुर स्वतः गोपाळरावांबरोबर बागेत गेली.

बाकावर पाच जण होते. गोपाळराव एका टोकाला, पाठ मोडलेल्या जागी बसले. नूपुरने उभ्या उभ्याच सांगितलं, कुठे काय झालं, पोरगी कुठे उभी होती, सगळं. तिला वाटलं होतं सगळे तिलाच समजावतील. पण त्यांच्यातले ओमप्रकाशजी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. चंपतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"गोपाळराव, तुम्ही खरेच नंबर सांगत होते का गा?"

गोपाळरावांना प्रश्नच समजला नाही.

"माही तं एकशे सत्तरच्या खाली कधी आलीच नाई," चंपतराव म्हणाले. "पन तुम्ही नवीन मानूस, येऊन म्हनता बासष्ट. मंग मी काय सांगू? अर्धी करून सांगत होतो."

मग एकेकाने कबूल केलं. ओमप्रकाशजी आठवड्यातून एकदाच तपासायचे आणि तोच आकडा थोडा वरखाली करून रोज सांगायचे. एकाच्या मीटरची बॅटरी संक्रांतीपासून संपली होती. गोपाळराव सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. इतके दिवस ते ज्यांच्याशी स्पर्धा करत उपाशी झोपले होते, त्यातलं कोणी परीक्षेला बसलंच नव्हतं. नूपुरला वाटलं आता ते भडकतील. पण ते आधी ओठ पुढे काढून बसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की खुशी घाबरून आईला बिलगली. चंपतराव म्हणाले, "हासू नका गा. आमाले वाटलं तुम्हीबी फेकता. खरं सांगनारा मानूस आमच्यात आला हे कोनाले माईत?"

पुढचे पंधरा दिवस धरमपेठेने रोज बारा वाजता एक दृश्य बघितलं. सून स्कूटर चालवतेय, मागे इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले सासरे, येताना पुढे उभी नात. चंपतराव वाटेत दिसले की टोपी काढून मुजरा करायचे. रायपूरहून सिंधूताईंनी फोनवर नवऱ्याला धीर दिला. त्या म्हणाल्या, खुशाल बसा मागे, मी छत्तीस वर्षं बसले, काही झिजत नाही. फक्त हात कुठे ठेवायचे ते मला विचारा. गोपाळरावांनी फोन नूपुरकडे दिला आणि रेंज नसल्याचं सांगितलं.

रात्री ते जेवायला लागले. पहिल्या दिवशी दोन पोळ्या, आणि कोणी बघत नाही असं वाटलं तेव्हा तिसरी. सकाळचे आकडे एकशे वीस, एकशे तीस यायचे आणि त्यांना ते तोंडाने म्हणायला जड जायचं, पहिल्या वर्गातून दुसऱ्यात घसरल्यासारखं. पण पंख्यावर कोणी रागावलं नाही. पंधराव्या दिवशी उन्मेषने व्हॅनचा विषय काढला नाही. नूपुरने किल्ली परत खुंटीवर लावली. नियम तोच होता. तपासायचं, सांगायचं, निघायचं. मीटर ती स्वतः बघणार नव्हती. तिने बघायचं ठरवलं असतं तर तिला रोज बघावं लागलं असतं, आणि मग आणायला ती गेली काय आणि ते गेले काय, तिचे तीन तास गेलेच असते. तीन तासांचं सोडा. ज्या माणसाच्या हातात आपण पोरगी देतो त्याच्या पाठीमागून मीटरमध्ये डोकावायचं, हे तिला जमणारं नव्हतं. तरी रोज पावणेबाराला तिचे कान बैठकीकडे असायचे.

एकशे अठरा. एकशे पाच. एकशे एकतीस. स्कूटर जायची, यायची.

मग एका गुरुवारी आवाज आला नाही. नूपुर बाईंना पान चव्वेचाळीसमधल्या चुका सांगत होती. दारात सावली पडली. गोपाळराव उभे होते. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात मीटर, आकडा आतल्या बाजूला. ते पाठ फिरवून निघून गेले असते तर तिला कळलं नसतं. मीटर तिला दिसत नव्हतं, आणि ती फोनवर होती.

"एकोणऐंशी आहे," ते म्हणाले. "माळ्यावरचे डबे काढले सकाळी, त्याने झालं असेल. आज तू जा."

नूपुरने बाईंना सांगितलं की घरी जरा काम निघालं, पान चव्वेचाळीस दुपारी. तिने किल्ली घेतली, आधीच उशीर झाला होता. स्वयंपाकघरात ताट झाकलेलं आहे, बसा लगेच, असं ती जाताना म्हणाली. दारातून तिने मागे बघितलं तेव्हा गोपाळराव स्वतःच ताट उचलून टेबलाशी नेत होते.

फाटकाशी ती सगळ्यांत शेवटी पोचली. खुशीने तिच्यामागे कोणी आहे का ते बघितलं, स्कूटरच्या पलीकडेही बघितलं.

"आजोबा?"

"आजोबा जेवून राहिले."

खुशीने यावर विचार केला. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"माझ्याआधी?"

"हो, तुझ्याआधी," नूपुर म्हणाली, आणि तिला पुढे उभं करून स्कूटर सुरू केली. "उद्या येतील."